यादीबरहुकूम, एक शुक्रवार वगळून

आमच्या गंगाखेडचे बळवंतराव वकील यंदा साठ वर्षांचे होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात त्यांच्या वाचनाविषयी मी लिहावे, असे मंडळींनी ठरवले. त्यांच्या वकिलीवर वकील लिहिणार, देवळाच्या कामावर देवळाचे पंच लिहिणार, आणि वाचनावर कोण, तर कचेरीसमोरचा चहावाला! मंडळींना मी हे बोलून दाखवले. ते म्हणाले, "माणिकराव, सगळ्यात जास्त ऐकलंय तुम्हीच." हे मात्र खरे आहे. मी वाचलेले थोडे, ऐकलेले फार. तेव्हा हा एका श्रोत्याचा दाखला समजावा.

वकीलसाहेबांची माझी पहिली ओळख झाली तेव्हा माझे हॉटेल म्हणजे चार बांबू, वर ताडपत्री आणि खाली बाकडी. पेशी लांबली की वकील, मुन्शी, पक्षकार सगळे तिथे येऊन बसत. हॉटेलवाल्याचे हात कामात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात. कोणाची तूर कधी बाजारात येणार, कोणाची सोयरीक मोडली, कोणता साक्षीदार फुटला, हे मला मुन्सफाच्या आधी कळे. त्या कानांवरच मी पुढे पिठाची गिरणी घातली आणि ताडपत्रीच्या जागी पत्रे आले. पण ती माझी गोष्ट झाली.

बळवंतराव त्या वेळी पन्नाशीकडे झुकलेले. मुन्सफासमोर ते उर्दूत बोलू लागले की दाराबाहेरचे शिपाईदेखील आत डोकावत. आपल्या तोंडी जशा म्हणी येतात तसे त्यांच्या तोंडी फारसी शेर. असा हा माणूस एक दिवस माझ्या कोपऱ्यातल्या बाकावर मराठी पुस्तक घेऊन बसलेला मी पाहिला. ओळीखाली बोट धरलेले, ओठ हलताहेत, आणि एक पान उलटेपर्यंत चहावर साय धरली.

कचेरीतले करीम मुन्शी शेजारी बसले होते. त्यांनी डोळे मिचकावून विचारले, "क्या वकीलसाब, फिर से पहली जमात में दाखिला लिए क्या?"

बोट न हलवता बळवंतराव म्हणाले, "होय मुन्शीजी. फक्त छडी मारायला कोणी नाही, म्हणून उशीर होतोय."

सगळे हसले. मला वाटले, आपणही थोडे बोलून घ्यावे. म्हटले, "साहेब, सोपं पुस्तक आणून देऊ का? आमच्या पुतण्याचं शाळेचं हाय घरी."

"आणा की," ते म्हणाले.

मी थट्टेवारी बोललो होतो. दुसऱ्या दिवशी ते आले आणि पहिला प्रश्न केला, "पुस्तक आणलंत का?" मी आणले नव्हते. तिसऱ्या दिवशी आणले. त्यांनी ते पहिल्या धड्यापासून शेवटच्या धड्यापर्यंत वाचून परत केले आणि म्हणाले, "कवितांचे धडे चांगले आहेत. पुतण्याला पाठ करायला सांगा." त्या दिवसापासून मी त्यांची थट्टा जपून करू लागलो.

असे का, ते नव्या पिढीला सांगायला हवे. त्यांचे सारे शिक्षण उर्दूत झाले. आपल्या संस्थानी मुलखात शिकायचे तर उर्दूतच. मराठी घरात बोलायची, बाजारात बोलायची, फार तर खुशालीचे पत्र लिहायची. एकदा बहिणीच्या घरी लग्नाला ते पुण्याकडे गेले. तिथे जेवणाच्या पंक्तीत ग्रंथांच्या गोष्टी निघाल्या. कोणी ओवी म्हणतो, कोणी नाटकातले प्रवेश म्हणतो. यांना कोणी आग्रह केला तेव्हा यांनी फारसी शेर म्हटला. लोकांनी वाहवा केली, आणि एक म्हातारे गृहस्थ सहज म्हणाले, "वा! पण घरचं काही येऊ द्या." यांच्याकडे घरचे काही नव्हते.

परत येताना त्यांनी मेव्हण्यांना विनंती केली, की एक यादी करून द्या. मेव्हणे तिकडे शिक्षक. त्यांनी यादी धाडली ती चांगली लांबलचक. आधी आपले जुने ओवीबद्ध ग्रंथ, मग जुने गद्य, मग संस्कृतातली नाटके मराठीत उतरवलेली, मग परदेशातले थोर ग्रंथ, त्यातलेही मराठीत आलेले, शेवटी बखरी. मला वाटते मेव्हण्यांनी ती अर्धी थट्टेने केली असावी. एवढे कोण वाचतो? पण वकिलाच्या हाती लिहिलेला कागद आला की तो हुकूम होतो. बळवंतरावांनी ती यादी कायद्याच्या पुस्तकांच्या कपाटाला आतून चिकटवली आणि नेम केला: यादीच्या क्रमानेच वाचायचे, एक पान गाळायचे नाही, आणि पुस्तक पुरे झाल्याखेरीज त्यापुढे खूण करायची नाही.

हा नेम ते कसा पाळत, त्याचा एक दाखला देतो. जुन्या गद्याचा एक ग्रंथ त्यांनी सेलूहून मागवला होता. त्यातली दोन पाने वाळवीने खाल्लेली निघाली. बाकीचा ग्रंथ वाचून झाला, पण खूण होईना. पुढचा ग्रंथ घरात येऊन पडलेला, त्याला हात लावीनात. चौकशी करता करता कळले, की चारठाण्याला एका घरी तोच ग्रंथ धड आहे, पण मालक तो घराबाहेर देत नाहीत. परभणीला त्यांची पेशी होती. ती आटोपून हे मोटारीने जिंतूरच्या रस्त्याला लागले, पुढे बैलगाडीने चारठाणा, त्या गृहस्थांच्या ओसरीवर बसून दोन पाने वाचली, पाणी प्याले आणि परत आले.

मी विचारले, "काय होतं हो त्या पानांत?"

"विशेष काही नव्हतं," ते म्हणाले. "पण नव्हतं, हे आता माहीत झालं."

आता देवळाकडे येतो. नदीकाठच्या रामाच्या देवळात चातुर्मासात पोथी लागते. एका वर्षी पोथी सांगणारे बुवा ऐन श्रावणात आजारी पडले. जी पोथी लागली होती तीच नेमकी वकीलसाहेबांच्या यादीत चालू होती. पंचांपैकी नाना माझ्या हॉटेलात आले आणि वकीलसाहेबांना म्हणाले, "तुम्ही घरी वाचताच आहात. ते देवळात वाचा, एवढंच." हे तयार झाले. मोठ्याने वाचायची त्यांना गरजच होती, कारण त्यांचे मराठी कानातले. डोळ्यांना अडलेला शब्द कानाला ओळखीचा निघे. पुढचे रोज घरी वाचून ठेवायचे आणि देवळात लोकांपुढे वाचायचे, असा क्रम सुरू झाला. शुक्रवारी कचेरी बंद, म्हणून शुक्रवारी दुपारपासून दिवे लागेपर्यंत लांब बैठक. एरवी कचेरी सुटल्यावर थोडी.

चातुर्मास संपला, पोथी संपली, बुवा बरे होऊन दुसऱ्या गावी गेले, पण बैठक मोडेना. लोकांना सवय लागली होती. शिवाय आपल्या मुलखात सभा भरवायची तर इजाजत लागते. पोथीला लागत नाही. तेव्हा यादीतला पुढचा ग्रंथ आला तोही पोथीच्या चौरंगावर बसला. त्याला तुळशीचे पान वाहिले, वाचन झाल्यावर तो रेशमी बासनात बांधला. पुढे नाटक आले, त्यालाही तुळस. मग परदेशी कादंबरी आली तेव्हा नाना कुरकुरले, "बळवंतराव, कादंबरीला तुळस?" वकीलसाहेब म्हणाले, "नाना, ऐकणारे हात जोडून ऐकतात. मी ग्रंथाला खाली कसा ठेवू?" मला तेव्हा हे उत्तर फार आवडले होते. त्यातली मेख पुढे कळली.

पोथीचे काही रिवाज असतात. त्यातला एक असा, की वाईट जागी पोथी बांधायची नाही. कोणी रानात हरवले, कोणी कैदेत पडले, कोणी मेले, तर तिथे वाचन थांबवत नाहीत. सुटका होईपर्यंत, लग्न किंवा जन्म येईपर्यंत पुढे वाचायचे आणि मग बासन बांधायचे. तसे न केले तर ऐकणाऱ्यांच्या घरी ते येते, अशी समजूत. एका नाटकात नायिकेला घराबाहेर काढले आणि वकीलसाहेब नेहमीच्या वेळी थांबू लागले, तर बायका जागच्या उठेनात. "तिला घरात घ्या आन् मग आमाला घरी धाडा," असे एकजण म्हणाली. त्या दिवशी सगळ्यांच्या चुली उशिरा पेटल्या.

असे म्हणणारी ती एकजण म्हणजे रुखमाबाई. नदीपलीकडच्या गावची, थोडी शेती, दोन म्हशी, नवरा वारलेला. माझ्या हॉटेलला दूध तिचेच. ती सकाळी दूध घाली आणि बाजाराच्या दिवशी व शुक्रवारी पोथीला येई. तिचा एकुलता मुलगा किसन लढाई सुरू झाल्यावर पलटणीत भरती झाला होता. पहिल्या पहिल्याने त्याची कार्डे येत. ती वकीलसाहेबांकडून वाचून घेई आणि तिथेच उभ्याने उत्तर सांगे. नंतर कार्ड यायचे थांबले.

त्याच सुमारास ती परदेशी कादंबरी लागली होती. मोठी, जाडजूड, परदेशातल्या लढाईची. एका गिरणीवाल्याचा मुलगा धरून सैन्यात नेतात, आणि आई घरी वाट पाहते. त्या मुलाचे नाव कोणालाच उच्चारता येईना, म्हणून सगळे 'गिरणीवाल्याचा पोरगा' म्हणत आणि माझ्याकडे पाहून हसत, कारण गिरणी माझीही होती. रुखमाबाई हसत नसे. तिने त्या पोरात आणि किसनमध्ये गाठ मारून टाकली होती. सकाळी दूध मापून घालता घालता विचारी, "वकीलसायब आले व्हते का? काय म्हनले? त्या पोराचं पत्र आलं का त्याच्या मायला?"

"कोणत्या पोराचं, रुखमाबाई?"

"गिरनीवाल्याच्या. दुसऱ्या कोनत्या?" आणि थोडे थांबून, "त्याचं आलं की आपलं बी येतंय."

बैठकीतल्या बायकांनाही हे माहीत होते. पोथीत जे घडेल ते घरी येणार, ही समजूत घट्ट. आणि ग्रंथ पोथीच्या चौरंगावर बसलेला, तुळस वाहिलेला.

एक दिवस सकाळी कचेरी उघडायच्या आत वकीलसाहेब हॉटेलात आले. करीम मुन्शी होतेच. चहा ठेवला तो तसाच राहिला.

"माणिकराव," ते म्हणाले, "तो पोरगा मरतो."

"कोनता?"

"गिरणीवाल्याचा. आज पुढचं वाचून ठेवलं. अगदी शेवटाला मरतो, आणि तिथंच ग्रंथ संपतो."

मी पटकन म्हणालो, "मंग ती पानं गाळा."

"दोन पानांसाठी मी चारठाण्याला गेलो होतो."

"न्हाई तर घरी येतो म्हणून वाचा. रुखमाबाईला कुठं वाचता येतंय?"

"म्हणूनच," ते म्हणाले. "ज्याला वाचता येतं तो माझं खोटं कधीतरी पकडेल. तिला ते पकडता यायचं नाही. मग तिच्यापुढं खोटं कसं वाचू?"

करीम मुन्शी दाढी खाजवत म्हणाले, "तो बीमार पड जाव ना वकीलसाब. अदालत में हम तारीख पे तारीख देते, इधर भी एक तारीख ले लेव."

"ती रोज दूध घालते मुन्शीजी, रोज विचारते. किती तारखा घेणार?" मग चहाकडे पाहत म्हणाले, "चूक माझीच आहे. कादंबरी टेबलावर ठेवली असती तर कादंबरीच राहिली असती. चौरंगावर मी बसवली."

त्यांचा स्वभाव माहीत असलेल्यांना पुढचे सांगायला नको. अवघड काम ते दुसऱ्यावर टाकत नाहीत. मला म्हणाले, "तुम्ही बरोबर चला. तुमच्या दुधाच्या निमित्ताने आल्यासारखं दिसेल." आम्ही नावेने पलीकडे गेलो.

रुखमाबाई गोठ्यापुढे विळीवर कडबा तोडत होती. वकील दारात पाहून तिने विळी बाजूला केली, पदर सावरला. "आवं वकीलसायब? कोर्टाचं काई निघालं का जमिनीचं?"

"नाही बाई. कोर्टाचं नाही." ते बाजेवर बसले. दुधाचे निमित्त विसरले आणि सरळ सांगून टाकले, "पुस्तकातला तो मुलगा शेवटी मरतो. परवा शुक्रवारी ते पान येणार. तुम्हाला आधी सांगावं म्हणून आलो. तुम्ही त्या दिवशी नाही आलात तरी चालेल."

रुखमाबाईने एक पेंढी पुढे ओढली. पण विळीला हात लावला नाही.

"मेला?"

"पुस्तकात, बाई. तो माणूस कधी नव्हताच. एकाने बसून लिहून काढलेला आहे."

"न्हवताच," ती म्हणाली, "तर तुमी नदी उतरून कशाला आलाव?"

मुन्सफाला, विरुद्ध बाजूच्या वकिलाला, फौजदाराला ज्यांनी उत्तर दिले नाही असे कधी मी ऐकले नाही, ते बळवंतराव गप्प बसले.  मी दुधाचे काहीतरी बोलायला तोंड उघडले आणि तिने माझ्याकडे असे पाहिले की मी ते मिटले.

शेवटी तीच म्हणाली, "वाचा. लिवलंय तसंच वाचा, मला लेकरावानी गोड करून सांगू नका. मी येनार. पर एक हाय. त्यो मेल्यावर पोथी बांधायची न्हाई."

"पुढं पानंच नाहीत, रुखमाबाई. तिथं ग्रंथ संपतो."

"ते मला काय सांगता? वकील तुमी हाव. काढा वाट."

नाव अलीकडे लागताच ते सरळ घराकडे निघाले, मी मागोमाग. घरी जाऊन त्यांनी कपाट उघडले. यादीत पुढचा ग्रंथ होता तो परदेशी शोकनाटकाचा, आणि त्याच्या पहिल्याच प्रवेशात प्रेत. त्याच्या पुढचा तत्त्वज्ञानाचा. मी उंबऱ्यात उभा होतो. ते यादीवरून बोट खाली नेत नेत पार शेवटाला गेले, आणि मग खाली बसून बखरींच्या गठ्ठ्याची दोरी सोडू लागले. मला म्हणाले, "तुम्ही जा, माणिकराव. मला वेळ लागेल."

शुक्रवारी देऊळ भरले होते. अशा बातम्या गावात कशा पसरतात, ते हॉटेलवाल्याला विचारू नये. रुखमाबाई बायकांच्या पहिल्या ओळीत बसली. वकीलसाहेबांनी वाचायला सुरुवात केली. मी त्यांचे बरेच वाचन ऐकले आहे. त्या दिवशी त्यांनी आवाज चढवला नाही की उतरवला नाही. लढाई झाली, पाऊस झाला, गिरणीवाल्याच्या पोराला खंदकात गोळी लागली. तो कोणाला तरी दोन शब्द बोलला आणि मेला. शेवटच्या पानावर आई गिरणीत धान्य ओतते आहे, तिला अजून कळलेले नाही. संपले.

 मी रुखमाबाईकडे पाहिले. तिने पदराचे टोक मुठीत धरले होते आणि नजर पुस्तकावर होती. पुजाऱ्याचा हात सवयीने बासनाकडे गेला. वकीलसाहेबांनी त्याचे मनगट धरले. पिशवीतून दुसरे पुस्तक काढले आणि पहिले न मिटता, त्याच्या उघड्या पानांवरच ते उघडून ठेवले. जराही न थांबता वाचू लागले.

ती एक बखर होती. बखरीच्या आरंभी घराण्याची वंशावळ असते. अमक्यास पुत्र झाला, त्याचे नाव अमुक. त्यास दोन स्त्रिया, थोरलीस तीन पुत्र, धाकटीस दोन. थोरल्याचे लग्न अमक्या घरी, त्यास पुत्र झाला. पानामागून पान जन्म, बारसे, लग्न, जन्म. एरवी अशा ठिकाणी मंडळी पेंगतात, नाना पेंगलेच. पण बायका एकेक जन्म कान देऊन ऐकत होत्या, आणि रुखमाबाई प्रत्येक पुत्राला मान हलवत होती, जसे पाहुणे मोजून घ्यावेत. दिवे लागले तेव्हा घराण्यात नातू-पणतू झाले होते. तिथे त्यांनी बासन बांधले, दोन्ही पुस्तके एकात एक.

रुखमाबाई उठली. वकीलसाहेबांना तिने नमस्कार केला नाही, पोथीला केला. जाता जाता मला म्हणाली, "उद्या दूध जरा उशिरा येईल माणिकराव. म्हस दूध द्यायला आडवायलीय."

ज्यांनी आपल्या नेमापायी चारठाणा गाठला, त्यांनी तोच नेम त्या दिवशी मोडला. एक शब्द बदलायला ते तयार झाले नाहीत, पण यादीचा क्रम मोडायला तयार झाले. कपाटाच्या दारावरची ती यादी मी नंतर पाहिली. खुणा वरून खाली ओळीने येतात, आणि पार खाली, रिकाम्या जागेनंतर, बखरीपुढे एकटीच खूण. त्यांच्या गुणांवर या ग्रंथात पुष्कळ लिहिले जाईल. मला विचाराल तर मी ती एक खूण दाखवीन.

पुढचे सांगितले पाहिजे. किसन परतला. तापाने तो समुद्रापार बसऱ्याच्या लष्करी दवाखान्यात पडून होता, त्याने कार्डे टाकली होती, ती कुठे गेली कोणास ठाऊक. गंगाखेडच्या स्टेशनावर उतरला तो सरळ माझ्या हॉटेलात चहाला आला, आणि मी त्याला आधी नदीकडे पिटाळले. आईने त्याला जवळ घेण्याआधी चांगले फैलावर घेतले, असे नाववाला सांगतो.

पण त्याच गावचा दुसरा एक जवान परतला नाही. त्याचे वडीलही त्या शुक्रवारी बैठकीत होते, त्यांनीही तीच वंशावळ ऐकली होती. हे मी लिहिले नाही तर वकीलसाहेबांना आवडायचे नाही. कारण किसन आल्यावर लोक त्या बखरीच्या मागे लागले. कोणी म्हणे आमच्या सुनेसाठी एकदा वाचा, कोणी म्हणे दुखणेकऱ्याच्या उशाला ठेवायला द्या. वकीलसाहेबांनी सर्वांना एकच सांगितले, "तो इतिहास आहे, औषध नाही. ग्रंथाने कोणाला आणलं नाही, कोणाला नेलं नाही." आणि ते नदी उतरून त्या वडिलांच्या घरी गेले. एकदा नाही, त्या साऱ्या हंगामात दर आठवड्याला गेले. काय बोलत ते मला माहीत नाही. तिथे मी गेलो नाही.

किसन आता बैठकीला येतो. फौजेत त्याला उर्दू वाचता येऊ लागले, म्हणून करीम मुन्शींशी त्याचे जमते. एकदा त्याने ती कादंबरी कशी होती ते ऐकून घेतले आणि म्हणाला, "वकीलसायब, लढाईत मरताना मानूस येवढं बी बोलत न्हाई."

"बरोबर असेल," वकीलसाहेब म्हणाले. "पण तो काहीच न बोलता मेला असता, तर आम्हाला कळलं कसं असतं?"

"आमाला बी कळलं नसतं," रुखमाबाई मागून म्हणाली, "आन् बरं झालं असतं."

त्या शुक्रवारपासून मात्र आमच्या बैठकीचा रिवाज ठरला. ग्रंथ कसाही संपो, सुखात संपो की दुःखात, तो संपतो त्याच बैठकीत पुढचा उघडायचा आणि त्याची थोडी पाने वाचूनच बासन बांधायचे. त्यामुळे आमचे वाचन इतकी वर्षे एका दिवसासाठीही संपलेले नाही. वकीलसाहेबांनी पुन्हा यादीचा क्रम धरला. ते शोकनाटक वाचले, तत्त्वज्ञानही वाचले, त्यात नानांबरोबर मीही पेंगलो. बाकीच्या बखरी होत आल्या आहेत.

आणि इथेच अडचण आहे. यादीत आता थोडेच ग्रंथ उरले. मागच्या शुक्रवारी हे त्यांनी बैठकीत सांगितले, समाधानाने सांगितले. आम्हाला वाटले, टाळ्या वाजवाव्यात. रुखमाबाईने विचारले, "मंग शेवटलं पुस्तक सरलं की फुडं काय उघडायचं?"

"पुढं काही नाही, बाई. यादी पुरी. मग मी मोकळा."

"मोकळं व्हायचं न्हाई," ती म्हणाली.  वकीलसाहेब हसले, पण उत्तर त्यांनी याही वेळी दिले नाही.

म्हणून हा ग्रंथ ज्यांच्या हाती पडेल त्या सर्वांना माझी विनंती आहे. हार-तुरे, शाल, नारळ हे सारे समारंभात होईलच. त्याखेरीज प्रत्येकाने आपल्याला ठाऊक असलेला एकेक थोर ग्रंथ मंडळींना कळवावा. जाडजूड असेल तर उत्तम. कपाटाच्या दारावर जागा नसली तर दुसरे दार आहे, आणि दुसरे भरले तर मी सुताराला सांगून ठेवले आहे. वकीलसाहेबांना हे विचारलेले नाही. पण लिहून आलेला कागद ते हुकूम मानतात, हे आम्हाला माहीत आहे.

श्री. बळवंतरावांना ईश्वर उदंड आयुष्य देवो. त्यांचे डोळे बारीक छपाईला पुरोत, आवाज मागच्या ओळीपर्यंत पोहोचो, नदी उतरण्याचे बळ पायांत राहो. त्यांनी वाचीत राहावे. यादी लांबवायचे आमच्याकडे लागले.